वॉर्सातल्या पोलिश रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना: टेबल राखण्यापासून बिलापर्यंत

पोलिश जेवणाच्या तराजूत एका पारड्यात डुकराची किंवा बदकाची चरबी, लोणी आणि आंबट साय असते. दुसऱ्या पारड्यात आंबवलेला कोबी, आंबवलेली काकडी, बीट आणि धान्याचं आंबवण असतं. मेनूतून फक्त पहिल्या पारड्यातले पदार्थ निवडले की जेवण अर्ध्यावरच नकोसं होतं आणि “पोलिश जेवण फार जड” असा शेरा मारून माणूस बाहेर पडतो. चूक बहुतेक वेळा स्वयंपाकात नसून ऑर्डरमध्ये असते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा ऑर्डरला दिली आहे.

इथे डोळ्यांसमोर आहेत ती मोकोतुफ, झोलिबोश किंवा सास्का केंपा यांसारख्या राहत्या वस्त्यांमधली जरा महागातली रेस्टॉरंटं. टेबलावर कापडी नॅपकिन असतो, वाइनची वेगळी यादी असते आणि आसपासच्या टेबलांवर त्याच वस्तीतली कुटुंबं बसलेली असतात. जुन्या शहराच्या चौकातली पर्यटकांसाठीची ठिकाणं आणि स्वस्तातले ‘मिल्क बार’, म्हणजे साध्या खाणावळी, या लेखात नाहीत.

जागा कशी निवडायची

मेनू छोटा असावा. आठ-दहा मुख्य पदार्थ पुरेसे असतात. तीस-चाळीस पदार्थांच्या यादीत प्येरोगीच्या (सारण भरून उकळलेल्या करंज्यांच्या) शेजारी पास्ता आणि बर्गर दिसले तर दुसरीकडे जा. मुख्य मेनूसोबत ऋतूनुसार बदलणारं एखादं पान किंवा फळा असेल तर ती चांगली खूण समजा. मे-जूनमध्ये त्यावर शतावरीच्या जातीचे कोवळे कोंब म्हणजे ‘श्पारागी’ आणि बीटाच्या कोवळ्या पाल्याचं सूप ‘बोत्फिना’ दिसायला हवं. उन्हाळ्याच्या मध्यावर ‘कुर्की’ या पिवळ्या रानअळंब्या येतात आणि शरद ऋतूत जाड देठाच्या ‘बोरोविकी’ अळंब्या. 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिन दिवसाच्या आगेमागे हंस असतो. जानेवारीच्या मेनूत ताज्या कुर्की दिसल्या तर त्या ताज्या नाहीत, हे उघड आहे.

आंबवण स्वतः करतात का, हेही विचारून घ्या. झुरेक सूप कोणत्या आंबवणाचं आहे, या प्रश्नावर वेटर लगेच आणि खुशीने बोलू लागला तर स्वयंपाकघराबद्दल निर्धास्त राहा.

टेबल कधी राखायचं

शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी जायचं असेल तर तीन-चार दिवस आधी टेबल राखा. रविवारची दुपार त्याहून अवघड, कारण दिवसाचं मुख्य जेवण ‘ओब्याद’ दुपारी एक ते पाचच्या दरम्यान होतं आणि रविवारी तीन पिढ्या एकत्र जेवायला येतात. मे महिन्यातल्या रविवारांसाठी तर खूपच आधी विचारायला हवं. त्या दिवसांत मुलांच्या ‘पहिल्या कम्युनियन’ या कॅथलिक धर्मविधीचे समारंभ असतात आणि वस्तीतली चांगली रेस्टॉरंटं पूर्ण आरक्षित असतात. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी बहुतेक ठिकाणं बंद असतात.

फोनवर एवढं वाक्य पुरतं: “पोप्रोशे स्तोलिक ना च्तेरी ओसोबी”, म्हणजे चार जणांसाठी टेबल. दोघांसाठी ‘ना द्व्ये ओसोबी’. पुढचं इंग्रजीत बोललं तरी चालतं. शाकाहारी किती आणि अंडं न खाणारे किती, हे फोनवरच सांगून ठेवा. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघराच्या हातात फारसं काही उरत नाही, कारण सुपांचा पाया सकाळीच शिजलेला असतो.

वेळेची एक गल्लत नेहमी होते. दारावर 22 वाजेपर्यंत लिहिलेलं असलं तरी स्वयंपाकघर बरेचदा तासभर आधी बंद होतं. आपल्या सवयीने नऊला पोचलात तर गरम जेवण हुकू शकतं. साडेसहा-सातला बसा.

दारातून आत आल्यावर

उजेड असेल तर ‘जेन दोब्री’, अंधार पडल्यावर ‘दोब्री व्येचूर’. अभिवादन न करता थेट टेबलाकडे जाणं इथे उद्धट दिसतं. हिवाळ्यात जाड कोट ‘शात्न्या’त, म्हणजे कोट ठेवायच्या खिडकीत द्यायचा आणि नंबरचा बिल्ला जपून ठेवायचा. अनोळखी माणसाशी आपण ‘अहो’ म्हणून बोलतो, तसं इथे पुरुषाला ‘पान’ आणि स्त्रीला ‘पानी’ म्हणतात. वेटर वीस वर्षांचा असला तरी त्याला ‘पान’च म्हणायचं.

स्वच्छतागृहाच्या दारावर नुसती खूण असेल तर त्रिकोण पुरुषांसाठी आणि वर्तुळ स्त्रियांसाठी.

न मागता येणारी पहिली बशी

ऑर्डर दिल्यावर, कधी त्याच्याही आधी, पाव आणि एक छोटी वाटी येते. तिला ‘चेकादेव्को’ म्हणतात. पदार्थ येईपर्यंत चाळा म्हणून ती असते आणि सहसा तिचे पैसे नसतात. वाटीत पांढरट, दाणेदार, कांदा घातलेलं जे असतं ते लोणी नव्हे. ते ‘स्मालेत्स’, म्हणजे डुकराची वितळवून गोठवलेली चरबी, आणि त्यातले तांबूस कण म्हणजे तळलेल्या चरबीचे तुकडे. शाकाहारी माणसाची फसगत होते ती बहुतेक वेळा इथेच, मेनू उघडायच्याही आधी. ज्यांना चालतं त्यांनी पावावर पातळ थर लावून वर आंबवलेल्या काकडीची चकती ठेवून खावं. न चालणाऱ्यांनी ‘मास्वो’, म्हणजे लोणी मागावं.

पाव गरम आणि चांगला असतो, पण एका तुकड्यावर थांबा. पुढे खूप यायचं आहे.

मेनू कसा वाचायचा

क्रम असा असतो: थंड आणि गरम सुरुवातीचे पदार्थ, सुपं, प्येरोगी, मुख्य पदार्थ, सोबतीच्या गोष्टी, गोड. पदार्थापुढे 150/100/80 असे आकडे दिसले तर ते ग्रॅम आहेत. आधी मांस किंवा मासा, मग बटाटा किंवा धान्य, मग कोशिंबीर. त्यावरून ताटाचा अंदाज येतो.

माशापुढची किंमत दोनदा वाचा. बऱ्याच ठिकाणी ती पूर्ण ताटाची नसते, 100 ग्रॅमची असते. 18 झ्वोती (झ्वोती हे पोलंडचं चलन) पाहून अख्खा ट्राउट मागवला आणि तो 400 ग्रॅमचा निघाला की 72 झ्वोती होतात. ऑर्डर देण्याआधी “इले वाझी?” म्हणजे वजन किती, असं विचारा. डुकराच्या भाजलेल्या पायाचा ‘गोलोन्का’ही कधी कधी याच हिशेबाने विकतात.

पदार्थांच्या शेवटी छोटे अंक असतात. युरोपियन युनियनच्या नियमानुसार 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि अंकांची किल्ली मेनूच्या शेवटच्या पानावर असते. अंडं, दूध, मासा, शेंगदाणा अशा घटकांसाठी ती उपयोगी पडते. मांसाच्या रश्शाबद्दल मात्र तिच्यात काही कळत नाही.

ऑर्डर

दोघांसाठी आमची शिफारस अशी: एक थंड पदार्थ किंवा प्येरोगीची एक बशी वाटून, प्रत्येकी एक सूप, एक जड मुख्य पदार्थ वाटून, त्याच्याबरोबर आंबट कोशिंबिरीच्या दोन बशा, आणि शेवटी एकच गोड. दोन मुख्य पदार्थ मागवले तर अर्धं ताट परत जातं.

सूप चुकवू नका. पोलिश स्वयंपाकाचा कस तिथे लागतो. ‘झुरेक’ हे राय नावाच्या धान्याच्या पिठाचं सूप आहे. ही राय म्हणजे आपली राई-मोहरी नव्हे, ते गव्हाच्या जवळचं काळसर धान्य. त्याचं पीठ पाण्यात कालवून लसूण, तमालपत्र आणि ऑलस्पाइस घालून चार-पाच दिवस आंबवतात. त्या पाण्यावर सूप होतं आणि त्यात पांढरं सॉसेज, उकडलेलं अंडं आणि मरवा पडतो. मरवा म्हणजे आपण गजऱ्यात माळतो तोच. इथे तो वाळवून, हातावर चुरडून सुपात घालतात.

चमचा तोंडाजवळ नेताच आंबिलीसारखा आंबूस, धान्याचा वास यायला हवा. व्हिनेगरचा वास येत असेल तर आंबवण कमी पडलं आहे आणि आंबटपणा बाटलीतून आलाय. चमच्यावर दाट साय चिकटत असेल तर आंबटपणा लपवलाय. चांगलं झुरेक ताकाइतकं पातळ नसतं, कढीपेक्षा थोडं दाट असतं आणि तळाशी पिठाचा गाळ किंचित जाणवतो. पोखरलेल्या पावात वाढलेलं झुरेक दिसायला छान, पण पाव रस्सा पिऊन घेतो आणि सूप लवकर निवतं. वाडग्यातलंच मागा.

‘बार्श्च’ हे बीटाचं पारदर्शक, माणकाच्या रंगाचं आंबटगोड सूप. त्यात ‘उश्का’ म्हणजे ‘छोटे कान’ असतात, अळंबी भरलेल्या नखाएवढ्या मुडपलेल्या पुऱ्याच म्हणा. सूप गढूळ तपकिरी दिसलं तर बीट घातल्यावर ते उकळलं गेलं आहे. उकळीने त्याचा रंग मरतो. उन्हाळ्यात ‘ख्वोद्निक’ मिळतं. त्यात कोवळं बीट आणि पाला, केफिर किंवा आंबट दूध, मुळा, काकडी आणि भरपूर शेपू असतो. बीटाची कोशिंबीर ताकात कालवून थंड प्यावी तशी चव लागते आणि मराठी जिभेला ती पहिल्याच घासाला ओळखीची वाटते. ‘रोसूव’ हा कोंबडीचा, बरेचदा त्यात गाईचं मांसही घातलेला, स्वच्छ रस्सा. ‘फ्लाकी’ हे जनावराच्या जठराचं सूप. नाव न कळता मागवू नका.

सुरुवातीच्या पदार्थांत ‘श्लेच’ म्हणजे खारवलेला हेरिंग मासा असतो, तेल-कांद्यात किंवा आंबट सायीत. तो कच्चाच असतो, मिठात मुरवलेला. सुक्या मासळीची सवय असलेल्यांना आवडतो. ‘तातार’ हे गाईचं कच्चं मांस, सुरीने बारीक चिरलेलं, वर कच्चा बलक, बाजूला कांदा, काकडीचं लोणचं आणि मुरवलेल्या अळंब्या. मोकोतुफमधल्या ‘स्तारी दोम’मध्ये ते टेबलाशेजारी चिरून कालवून देतात, तो तिथला नावाजलेला प्रकार आहे. हा पदार्थ कुठल्याही टप्प्यावर शिजवला जात नाही. ‘तातार’पुढे सॅमन किंवा हेरिंग लिहिलं असेल तर तोही कच्चा. गरोदर स्त्रियांनी आणि पोट नाजूक असणाऱ्यांनी टाळावा.

प्येरोगी आपल्याला करंजीसारखे दिसतात, कडेला मुरडही असते. पण ते पाण्यात उकळतात, आणि ‘स्माझोने’ लिहिलं असेल तर उकळून वर परततात. पहिल्यांदा खाताना उकळलेलेच घ्या. पारीचा कस त्यातच कळतो. एक प्येरोग काट्याने मधोमध न कापता आधी कडेला कापा. मुरडीची कड मऊ हवी. दाताखाली पिठूळ लागली तर पारी जाड लाटली आहे किंवा पाण्यातून घाईने काढली आहे. सगळ्यात प्रसिद्ध ‘रुस्क्ये’ प्रकारात उकडलेला बटाटा, ‘त्फारुक’ नावाचा दुधाचा फुटीर चक्का आणि परतलेला कांदा असतो. ‘रुस्क्ये’चा रशियाशी संबंध नाही. तो शब्द रुथेनिया या जुन्या प्रांतावरून आला. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर काही रेस्टॉरंटांनी त्यांचं नाव ‘युक्रेनी’ केलं, पदार्थ तोच. गोड प्येरोगीही असतात, स्ट्रॉबेरीचे किंवा ब्लूबेरीचे. उन्हाळ्यात मिळाले तर शेवटचा गोड पदार्थ म्हणून तेच घ्या.

मुख्य पदार्थांत बदक, ‘काच्का’. अर्धं बदक म्हणजे ‘पूव काच्की’, मेनूत एका माणसासाठी लिहिलेलं असतं, पण सोबतीच्या बशा घेतल्या तर दोघांना पुरतं. सफरचंद आणि मरवा भरून सावकाश भाजलेलं असतं. कातडी कुरकुरीत हवी, आणि काटा टोचल्यावर मांस हाडापासून सहज सुटायला हवं. नुसती छाती, ‘प्येर्श स काच्की’, मात्र आतून गुलाबी वाढतात. ती पूर्ण शिजलेली हवी असेल तर “दोब्झे विस्माझोना” असं ऑर्डरच्या वेळीच सांगा, नाहीतर ताट परत पाठवावं लागतं आणि दुसऱ्यांदा भाजलेली छाती चिवट होते.

बदकाबरोबर ‘कोपित्का’ किंवा ‘क्लुस्की श्लोंस्क्ये’ घ्या. दोन्ही बटाट्याचे उकळलेले गोळे आहेत. दुसऱ्या प्रकाराला मधोमध अंगठ्याने खळगा केलेला असतो, रस्सा साठावा म्हणून. भाताची आठवण येत असेल तर ‘काशा ग्रिचाना’ मागा. तो भाजलेला कुट्टू आहे, मोकळा आणि खमंग. आणि आता ती दुसऱ्या पारड्याची गोष्ट: चरबीच्या प्रत्येक ताटाला एक आंबट बशी. ‘मिझेर्या’ ही सायीतली काकडीची कोशिंबीर, ‘बुराच्की’ किसलेलं गरम बीट, ‘मोद्रा कापुस्ता’ जांभळा कोबी, ‘सुरुफ्का’ कच्च्या भाज्यांची कोशिंबीर. काही ठिकाणी या बशा ताटातच येतात, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. मेनूत ‘दोदात्की’ हा भाग पाहा.

शाकाहारी माणसाने काय विचारायचं

इथला मुख्य मुद्दा असा की पोलिश बोलण्यात ‘मांस नाही’ याचा अर्थ ‘मासा नाही’ असा होत नाही. कॅथलिक उपवासाच्या जेवणाला ‘पोस्तनी’ म्हणतात आणि त्यात मासा चालतो. म्हणून दोन्ही सांगा: “न्ये येम मेंसा आनी रिब”, आणि अंडंही नको असेल तर पुढे “आनी यायेक”.

मग एकेक पदार्थ तपासा. बार्श्च भाज्यांच्या पाण्यावर आहे की मांसाच्या रश्श्यावर, हे ‘ना विवाझे मेंस्निम?’ असं विचारून कळतं. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचं बार्श्च परंपरेने बिनमांसाचं असतं, एरवी खात्री नाही. प्येरोगी रुस्क्ये आतून शाकाहारी असले तरी वरून ‘स्क्वार्की’, म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरतात. “बेझ स्क्वारेक, स मास्वेम” म्हणजे ते नको, लोणी घाला. कोबी-अळंबीचे प्येरोगी बहुधा चालतात, पण कोबी कशात परतला ते विचारा. बटाट्याच्या ‘प्लात्स्की’ घावनात आणि कोपित्कात अंडं असतं. प्येरोगीच्या पारीत ते कधी असतं, कधी नसतं. झुरेक सोडून द्या.

मेंढीच्या दुधाचा धुरवलेला ‘ओस्त्सिपेक’ चीज पोलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरातला. त्याचं नाव युरोपात 2008 पासून संरक्षित आहे. तो भाजून क्रॅनबेरीसारख्या आंबट फळाच्या मुरंब्याबरोबर देतात. चव उत्तम, पण तो रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) घालून विरजतात, हे ज्यांना महत्त्वाचं त्यांनी लक्षात ठेवावं.

गोमांस टाळणाऱ्यांसाठी दोन शब्द: ‘वोवोविना’ आणि वासराचं ‘च्येलेंचिना’. डुकराचं मांस ‘व्येप्शोविना’, आणि ‘बोचेक’ म्हणजे बेकन. कांदा-लसूण पूर्ण वर्ज्य असेल तर मुख्य पदार्थ मिळणं कठीणच. फळांचे प्येरोगी आणि गोड पदार्थ यांवर भागवावं लागेल.

पेयं

साधं पाणी आपोआप येत नाही आणि बाटलीचे पैसे असतात. बुडबुड्यांशिवाय हवं तर ‘न्येगाझोवाना’ म्हणा. ‘कोम्पोत’ हे फळं उकळून केलेलं पातळ सरबत जेवणाबरोबर फार चांगलं जातं आणि मुलांनाही आवडतं.

वोडका जेवणाच्या सुरुवातीला, गार, छोट्या पेल्यातून, हेरिंग किंवा लोणच्याबरोबर घेतात. यजमानाने ‘ना झ्द्रोव्ये’ म्हटल्याशिवाय पेला उचलायचा नाही. जेवणानंतर ‘नालेफ्का’ येतं, फळं मद्यात मुरवून केलेलं. ते घोटाघोटाने प्यायचं. मधाच्या मद्याचं नावच प्रमाण सांगतं: ‘द्वुय्न्याक’मध्ये एक भाग मधाला एक भाग पाणी, ‘त्रुय्न्याक’मध्ये दोन भाग, ‘च्फुर्न्याक’मध्ये तीन. ‘पुव्तोराक’मध्ये फक्त अर्धा भाग पाणी असल्याने ते सगळ्यात गोड आणि महाग. पहिल्यांदा त्रुय्न्याक घ्या. गाडी चालवायची असेल तर काहीच नको. रक्तातल्या मद्याची मर्यादा 0.2 प्रति हजार इतकी कमी आहे.

पोलिश यजमानांबरोबर बसला असाल तर गप्पांत कोल्हापूरचं नाव काढा. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक स्त्रिया आणि मुलं. वॉर्सात त्या छावणीचं स्मारक आहे.

गोड, बिल आणि निघताना

त्फारुकचा ‘सेर्निक’ घ्या. तो घट्ट, किंचित आंबट आणि ओलसर हवा. खसखशीचा ‘माकोव्येत्स’ आणि सफरचंदाचा ‘शार्लोत्का’ हेही भरवशाचे.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. “पोप्रोशे राखुनेक” म्हणा. दोघांच्या वर सांगितलेल्या ऑर्डरला मद्य सोडून साधारण 250 ते 350 झ्वोती धरून चला. टिप 10 टक्के. सहा किंवा जास्त जणांच्या टेबलावर बरेचदा सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, ‘सेर्विस’ ही ओळ शोधा आणि असेल तर वेगळी टिप नको. रोख देताना एका शब्दाला जपा. पैसे हातात देत ‘जेंकुये’, म्हणजे धन्यवाद म्हटलं, तर त्याचा अर्थ सुटे पैसे ठेवून घ्या असा होतो. 260 च्या बिलाला 500 ची नोट देत असाल तर आधी किती ठेवायचे तो आकडा सांगा, आभार सुटे हातात आल्यावर माना. कार्डाने देताना टिपची रक्कम मशीनवर आकडा टाकायच्या आधी सांगायची.

कंपनीच्या खर्चाने जेवत असाल तर कंपनीचा ‘निप’ हा करक्रमांक बिल छापायच्या आधी द्या. तो नसलेली पावती एकदा छापली गेली की कंपनीच्या नावाचं ‘फाक्तुरा’, म्हणजे करासाठीचं बिल, मिळत नाही.

उरलेलं बांधून मागण्यात संकोच नको, “पोप्रोशे झापाकोवाच” एवढंच म्हणा. बदक दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर कातडी चामट होते. 180 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये, कातडी वर करून, पंधरा मिनिटं ठेवा. प्येरोगी लोण्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी परता. ते असे आदल्या दिवसापेक्षाही चांगले लागतात.